आणखी थोडं घट्ट

सर्व्हिसिंगला गाडी धडधाकट द्यावी आणि ती आजारी होऊन परत यावी, यासारखी गॅरेजची दुसरी नाचक्की नाही. ड्रायव्हिंग स्कूलची पांढरी गाडी तेल, फिल्टर, नवे स्पार्क प्लग असं सगळं साग्रसंगीत करून घेऊन गेली होती. आठवडा उलटायच्या आत तीच गाडी गॅरेजच्या फाटकातून ठसकत, अडखळत आत आली.

वहिनीने हातातलं काम तिथेच सोडलं. वहिनी म्हणजे या गॅरेजची मालकीण. सगळी गल्ली तिला वहिनीच म्हणते, अगदी तिच्या बापाच्या वयाचे ट्रकवालेसुद्धा. गॅरेज उभं केलं ते सासऱ्यांनी, म्हणजे बाबांनी. त्यांच्या मुलाने लहानपणीच जाहीर केलं होतं की ग्रीसचा वास आपल्याला सोसत नाही. तो शाळेत गणित शिकवतो आणि गाडीतलं त्याला फक्त मागचं सीट कळतं. वहिनी मात्र लग्नाआधीपासून एका मोठ्या वर्कशॉपमध्ये इंजिनं उघडत होती. पहिल्या भेटीत बाबा तिच्याशी क्लच प्लेटवर इतका वेळ बोलले, की होणारा नवरा बाजूला बसून नखं कुरतडत राहिला.

दोन वर्षांपूर्वी बाबांच्या बोटांना मुंग्या यायला लागल्या. डॉक्टर म्हणाले, नसांचं दुखणं आहे, वयाप्रमाणे चालायचंच. बाबांनी फार चर्चा केली नाही. किल्ल्यांचा जुडगा वहिनीच्या हातात ठेवला, "आता तू आणि तुझं गॅरेज," म्हणाले, आणि घरी जाऊन झोपले. दुपारी मात्र ते रोज येत. दाराजवळच्या खुर्चीत चहाचा कप घेऊन बसत आणि कुणी विचारलं तरच बोलत.

पांढऱ्या गाडीतून ब्रेकबाई उतरल्या. हे नाव त्यांना त्यांच्या विद्यार्थ्यांनी दिलं होतं. त्यांचा "ब्रेक!" पुढच्या चौकात उभ्या असलेल्या माणसालाही दचकवतो, अशी त्यांची ख्याती होती.

"काय केलंस गं माझ्या गाडीला?"

"काय होतंय, मॅडम?"

"चढावर दुसऱ्या गिअरमध्ये टाकली की गचके मारते. मिसिंग करते नुसती. काल एक बाई शिकत होती, ती रडायलाच लागली. तिला वाटलं, आपलंच चुकलं."

"आणि सपाटीला?"

"सपाटीला एकदम शहाणी." त्यांनी चष्मा काढून पुसला. "हे बघ, माझ्याकडे शिकायला येणारी माणसं आधीच घाबरलेली असतात. त्यांना चढावर बंद पडणारी गाडी मी देऊ शकत नाही. आणखी एकदा असं झालं, तर मी सगळ्या गाड्या पुलाजवळच्या गॅरेजात नेईन. बाबांच्या वेळी असं कधी झालं नव्हतं."

शेवटचं वाक्य त्या सहज बोलून गेल्या. वहिनीला ते बरोबर लागायचं तिथे लागलं. बाबा खुर्चीत चहा ढवळत होते. त्यांनी मान वर केली नाही.

ब्रेकबाई गेल्यावर वहिनीने स्कॅनर जोडला. तिसऱ्या सिलिंडरमध्ये ठिणगी नीट पडत नव्हती. हे कॉइलमुळे होतं किंवा प्लगमुळे. कॉइल म्हणजे प्लगच्या डोक्यावर बसून त्याला वीज पुरवणारी नळकांडी. वहिनीने तिसऱ्याची कॉइल पहिल्यावर बसवली, पहिल्याची तिसऱ्यावर, आणि गाडी पाण्याच्या टाकीकडच्या चढावर नेली. कॉइल बिघडलेली असती तर दुखणं तिच्याबरोबर पहिल्या सिलिंडरमध्ये गेलं असतं. ते जागचं हललं नाही. म्हणजे कॉइल निर्दोष होती.

मग तिने तिसरा प्लग काढला. तो काढताना तिला चांगलाच जोर लावावा लागला, पण डोक्यात गिऱ्हाइकाची धमकी घोळत असल्यामुळे तिने तिकडे लक्ष दिलं नाही. प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवर केसाएवढा तडा होता. भार पडला की वीज त्या तड्यातून पळून जात होती. स्पेअर पार्टवाल्याला तिने फोन लावला.

"वहिनी, एखादा तसा निघतो," तो म्हणाला. "माणसातही निघतो."

नवा प्लग तिने टॉर्कच्या पान्याने बसवला. हवा तेवढा जोर पडला की हा पाना टक् असा आवाज करतो, त्यानंतर हात थांबवायचा. बाबा या पान्याला कायम नाक मुरडत. मनगट असताना टकटक कशाला, असं त्यांचं म्हणणं. चढावर गाडी आता लोण्यासारखी गेली. तरी वहिनीच्या जिवाला स्वस्थता नव्हती. जुन्या वर्कशॉपमधली सवय तिला आठवली. डबीतला पिवळा रंग घेऊन तिने कॉइलच्या प्रत्येक बोल्टवर आणि शेजारच्या झाकणावर मिळून एक रेघ ओढली. रेघ सलग राहिली म्हणजे बोल्ट हलला नाही. इथे ती हे फक्त चाकांना करायची. आज इंजिनालाही केलं.

बॉनेट उघडंच ठेवून ती दुसऱ्या एका गाडीचे ब्रेक बघायला बाहेर गेली. त्या गाडीचा मालक बोलका निघाला. ती परतली तेव्हा ब्रेकबाई पांढरी गाडी घेऊन गेल्याही होत्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या परत आल्या. या वेळी ओरडल्या नाहीत, आणि तेच जास्त वाईट होतं. किल्ली टेबलावर ठेवून म्हणाल्या, "संध्याकाळी येते. मग बघू, कुठे न्यायची ते."

वहिनीने लगेच स्कॅनर जोडला. त्याने आता दुसरा सिलिंडर दाखवला. कालपर्यंत हा बिचारा गुण्यागोविंदाने नांदत होता. तिने बॉनेट वर केलं आणि तिथेच वाकून उभी राहिली.

एकही पिवळी रेघ सलग नव्हती. कुणीतरी कॉइलखालच्या प्लगपर्यंत पोचायला सगळे बोल्ट खोलून परत लावले होते. पहिला संशय अर्थात बाहेरच्यावर. पण वाळलेला रंग बोल्ट फिरवला की टवका उडून तुटतो. हा रंग फरफटला होता, बोटाने पुसल्यासारखा. म्हणजे रंग ओला असतानाच बोल्ट फिरले होते. गाडी काल इथे उभी होती तेव्हाच, वहिनी बाहेर होती तेव्हाच.

तिने दाराकडे पाहिलं. बाबा खुर्चीत बसले होते. खिडकीच्या कट्ट्यावर त्यांचा कप होता, आणि कपाच्या कानाला पिवळा डाग होता. त्यांच्या अंगठ्याच्या नखातही तो होता.

तिला राग आला. रागापेक्षा जास्त वाईट वाटलं. दोन वर्षं ती सकाळी सगळ्यांच्या आधी गॅरेज उघडत होती, पाठ मोडेपर्यंत राबत होती, आणि हा माणूस तिची पाठ वळली की तिचंच काम तपासून बघत होता. गॅरेज तुझं म्हणाले, ते तोंडदेखलंच म्हणायचं. आता बोलावं तर बाबा उद्यापासून खुर्चीत दिसणार नाहीत, एवढी ती त्यांना ओळखत होती. गप्प बसावं, तर आज ही गाडी, उद्या दुसरी.

बोलायचं की नाही हे न ठरवताच ती प्लग काढायला लागली. दुसऱ्या प्लगला तडा होताच. पहिला आणि चौथा सुटेचनात. काल तिच्याच हाताने लावलेल्या तिसऱ्यासाठी तिला पान्यावर अक्षरशः लटकावं लागलं. एवढं घट्ट कुणी शहाणा करत नाही. काम तपासणारा माणूस फिरवून बघतो आणि सोडून देतो. हे काहीतरी वेगळं होतं, पण काय, ते तिच्या ध्यानात येईना.

"बाबा, जरा इकडे येता?"

बाबा आले. तिने तडा गेलेला प्लग त्यांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी तो उजेडाकडे धरून फिरवला.

"कशाने गेला?"

"जास्त घट्ट झाला."

बाबांची नजर रंग फासलेल्या बोल्टांवर गेली, मग स्वतःच्या अंगठ्यावर.

"आधीचा पण असाच होता?"

"हो."

"म्हणजे मीच."

वहिनीने शांतपणे बोलायचं ठरवलं होतं. आवाज मात्र तिचं ऐकेना. "माझ्या कामावर विश्वास नसेल तर तोंडावर सांगायचं होतं, बाबा. चोरून बघायची काय गरज होती?"

"विश्वास नाही?" बाबांना खरंच कळलं नव्हतं. ते जवळच्या टायरवर टेकले. "अगं, तसं नाही ते. माझ्या बोटांना आताशा घट्ट झालेलं कळत नाही. सगळा जन्म या बोटांवर गेला. कधी वाटतं, आलं परत. कधी काहीच लागत नाही, नुसतं लाकूड. मग बघायचं कसं, अजून कळतंय का? कुणाच्या भलत्याच कामावर हात लावून उपयोग काय? त्याचंच ढिलं असेल तर?" त्यांनी प्लग दुसऱ्या हातात घेतला. "तू लावलेलं बरोबर असतं. शंकाच नसते. म्हणून तू लावलेल्यावर हात ठेवून बघायचो. हाताला घट्ट लागलं, तर बोटं शाबूत. लागलं नाही, की वाटायचं, आणखी थोडं. मग आणखी थोडं."

वहिनी चिंध्यांच्या ढिगातून एक फडकं काढून हात पुसत राहिली. हात कधीच कोरडे झाले होते. ज्याला ती अविश्वास समजली होती, तो तिच्या हातावरचा भरवसा होता. तिचे डोळे भरून आले आणि तिने ते भरू दिले.

"मला सांगितलं का नाही?"

"काय सांगू? मेकॅनिक आहे, पण हात नाहीत?"

तिने फळीवरून टॉर्कचा पाना काढला आणि त्यांच्या हातात दिला.

"कान कसे आहेत तुमचे?"

"कानांना काय धाड भरलीय? तुझ्या सासूचं सगळं ऐकू येतं. नको असलेलंसुद्धा."

"मग टक् झालं की थांबायचं. बोटांना विचारायचंच नाही."

बाबांनी पान्याकडे नावडत्या पाहुण्याकडे बघावं तसं पाहिलं. मग वाकले. वहिनीने नवा प्लग आधी हाताने आत बसवला, बाबांनी पाना फिरवला. टक्. ते थांबले, तिच्याकडे बघितलं. तिने मान हलवली. चारही प्लग असेच लागले. कॉइल बसल्या, बोल्ट लागले, आणि तिने रंगाची डबी पुढे केली. बाबांनी ओढलेल्या रेघा वाकड्यातिकड्या आल्या. पण सलग आल्या.

संध्याकाळी ब्रेकबाई आल्या. गाडी स्वतः चढावर नेऊन आणली, इंजिन बंद केलं, तरी चेहरा सैल होईना.

"आज ठीक आहे. उद्याचं काय? तुला वाईट वाटेल, पण बाबांच्या वेळी असं नव्हतं."

वहिनी काहीतरी गोलमोल उत्तर द्यायच्या बेतात होती. प्लगची खेपच खराब निघाली, असं म्हणून वेळ मारून नेता आली असती. पण बाबा खुर्चीतून उठले.

"ही बाबांचीच वेळ होती, मॅडम. दोन्ही खेपेला तिने गाडी बरोबर केली आणि मी बिघडवली. माझी बोटं गेलीत. गाडी तुम्ही खुशाल कुठेही न्या, पण तिच्या हाताला नाव ठेवून नेऊ नका."

ब्रेकबाईंनी बाबांकडे पाहिलं, मग वहिनीकडे. पर्स उघडून काहीतरी शोधल्यासारखं केलं आणि परत मिटली.

"निळी गाडी सोमवारी पाठवते," त्या म्हणाल्या. "तिचा क्लच बघ."

सोमवारी निळी गाडी आली. दुपारी बाबा आले, पण खुर्चीकडे गेले नाहीत. चहाचा कप कट्ट्यावर ठेवून ते रंगाची डबी आणि काडी घेऊन वहिनीच्या शेजारी येऊन उभे राहिले. वहिनीने पाना फिरवला, टक् झालं, आणि तिने हात मागे घेतला. बाबांनी रेघ ओढली.