म्हशींच्या बाजारातला सराव

लेकीचं, निकिताचं, बाळंतपण व्हिएतनामात सायगॉनला होणार हे ठरलं, तेव्हा केशरबाईंपुढे एकच अडचण उभी राहिली. रस्ता ओलांडायची.

"आई, दवाखाना घरासमोरच आहे, पण इथं स्कूटरी थांबतच नाहीत गं." निकितानं फोन खिडकीबाहेर धरला. खाली पूर आल्यासारख्या स्कूटरी. "मागच्या वर्षी पलीकडं भाजीबाजार होता, आता तिथं इमारतच इमारत. हात पुढं करायचा न् सावकाश चालायचं. थांबायचं नाही, पळायचं नाही. तुला जमलं नाही तर मी तिकडं एकटी आणि तू खिडकीत."

"म्हशींतून चालावं तसंच की," केशरबाई म्हणाल्या.

म्हणून सरावाला त्या घोडेगावच्या म्हशींच्या बाजारात उतरल्या. त्या नवी नवरी म्हणून गावात आल्या, तेव्हा इथं चिंचेखाली बैलगाड्या सुटायच्या. आता टेम्पो होते, पण म्हशी त्याच. त्यांचे यजमान आसारामनाना म्हशींचे जन्मभराचे दलाल. ते कठड्यावर चढून ओरडत होते, "थांबू नगं! सायगॉन हाय असं समज!"

केशरबाईंनी हात पुढं केला. उन्हासाठी ओढलेला पदर हातावर आला. तेवढ्यात पदराखाली कुणाचा तरी हात शिरला. शेवगावची भागूबाई, म्हैस विकायला आलेली. आपल्याला पलीकडं न्यायला आली असं समजून केशरबाईंनी तिची बोटं गच्च धरली.

"दिली!" भागूबाई ओरडली.

"अगं बाई, मी रस्ता वलांडत हुते!"

"मंग वलांड की. म्हशीला घिऊन वलांड."

कापडाखाली बोटं दाबली की सौदा झाला. तो मोडू नये म्हणून नानांनी आयुष्यभर लोकांना दम दिला होता. त्यांनी पैसे मोजून दावं हातात घेतलं.

म्हैस नुकतीच व्यालेली. केशरबाईंखेरीज कुणी धार काढायला खाली बसलं की लाथ. विमान तर आठवड्यावर आलेलं. म्हैस सोडून जावं तर तिची कास सुजणार, न जावं तर लेक एकटी पडणार. शेवटी त्यांनी आपलं लुगडं नानांपुढं टाकलं.

"नेसा. वासाला फसंल ती."

"अगं, मला बाजारात तोंड दाखवायचं हाय!"

"डोक्यावरनं पदर घ्या. तोंड दिसायचंच न्हाई."

पुढं सायगॉनला निकिताला मुलगी झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी केशरबाई डिंकाच्या लाडवांचा डबा घेऊन रस्त्यात उतरल्या. हात पुढं, पाऊल सावकाश. स्कूटरी वळसा घालून जात होत्या. बरोबर मध्यावर फोन वाजला. गव्हाणीत टेकवलेल्या फोनात लुगडं नेसलेले नाना, कपाळावर टेंगूळ.

"वासाला फसली गं, पन तुजा आवाज मागती!"

थांबायचं नाही, हे त्यांना पाठ होतं. त्या थांबल्या. "ए बाय माजी, सोड पान्हा. म्हातारा गरीब हाय." असं चुचकारत त्या उभ्या राहिल्या. सायगॉन दोन्ही अंगांनी वाहत होतं. एक बाई स्कूटर थांबवून ऐकू लागली, तिच्यामागं दुसरी, मग सगळा रस्ताच थांबला. फोनातून चरवीत पडणारी पहिली धार वाजली, तेव्हा केशरबाईंनी पुढचं पाऊल टाकलं.

दवाखान्यात निकितानं पहिलं तेच विचारलं, "आई, मधेच थांबली नाहीस ना?"

"छे गं," म्हणत केशरबाईंनी नातीला पदराखाली घेतलं. तिनं आजीचं बोट गच्च धरलं.

"झाला सौदा," केशरबाई म्हणाल्या.