मला तेल पाजलं त्या दिवशी

मित्रांनो, सायकलच्या पुढच्या चाकाशी बोटभर लांबीचे दोन काळे रबरी ठोकळे असतात. ब्रेक दाबला की ते चाकाची कड दोन्ही बाजूंनी आवळून धरतात. त्यांतला डावीकडचा, झिजून निम्मा उरलेला जुना ठोकळा म्हणजे मी. उजवीकडचा माझा जुळा भाऊ. तो स्वभावाने गरीब, त्यामुळे दोघांच्या वाटणीचं वैतागणं माझ्याकडेच आलं.

साच्यातून निघालो तेव्हा माझ्या अंगावर छान खाचा होत्या. कारखान्यात तपासणाऱ्या बाईंनी मला नखाने खरवडून पाहिलं आणि म्हणाल्या, "हा पकडेल." माझी आजवर झालेली स्तुती एवढीच. तिथून मी आलो एका पाटीवाल्याच्या सायकलवर. दुकानांच्या पाट्या रंगवायच्या आणि पाठीला बांधून सायकलवरून पोचवायच्या, हा त्याचा धंदा. अक्षर सुरेख होतं. बाकी समज बेताचीच.

या गृहस्थाने घर्षणाशी उभा दावा मांडला होता. एक वस्तू दुसरीवर घासली की तिच्या सरकण्याला जो अडथळा होतो, ते घर्षण. चेन कुरकुरली की तो घर्षणाच्या नावाने बोटं मोडायचा. पाठीवरच्या पाटीवर वारा थडकून दम लागला, तरी खापर घर्षणावरच. अहो, तो हवेचा अडथळा. पुढे जायचं तर समोरची हवा बाजूला सारावी लागते. पाटी जितकी रुंद आणि वेग जितका जास्त, तितकी हवा जोराने अडवते. एवढं त्याच्या बारा वर्षांच्या लेकीलाही कळलं होतं.

"बाबा, हँडलवर वाकून बसा," ती सांगायची. "मग पाटी पाठीवर झोपते, हवा वरून निघून जाते."

तो वाकायचा, सायकल हलकी व्हायची, आणि कौतुक मात्र चेनला घातलेल्या तेलाचं व्हायचं.

आता घर्षणच नसतं तर काय झालं असतं? टायरला रस्ता मागे रेटताच आला नसता. चाक जागच्या जागी गरगर फिरलं असतं आणि हे महाशय अंगणाच्या फाटकापर्यंतही पोचले नसते. पण हे त्याला सांगणार कोण? मी दिवसभर कामात. त्याच्या घरापासून बाजाराकडे लांबलचक उतार होता. तिथे ब्रेक लागला की सायकलच्या वेगाची उष्णता व्हायची, आमचं अंग तापायचं आणि कणाकणाने झिजायचं. चाकाच्या कडेवर काळी भुकटी दिसते ना, ती आमचीच.

वर्षं गेली. अंगावर धूळ बसून ती कडक झाली आणि ब्रेक दाबला की मी किंचाळू लागलो. ते माझं गाऱ्हाणं होतं. पुसा, घासा, नाहीतर सरळ बदला. शेजारच्या काकूंना त्यात फक्त आवाज ऐकू आला.

"अहो पेंटर, तुमच्या सायकलने माझी दुपारची झोप उडवली. काहीतरी करा बाई तिचं."

"आजच करतो, काकू."

त्याने तेलाची बुधली आणली. चेनला तेल घातलं, ते शहाणपणाचं. चाकाच्या आसाला घातलं, तेही बरोबर. मग चाकांच्या कडांना गोल धार धरली आणि मला, भावाला, मागच्या चाकाच्या दोन ठोकळ्यांना यथासांग न्हाऊ घातलं. कपाळावर हात मारून घेतला असता, पण मला ना कपाळ ना हात. त्याने चाक फिरवून ब्रेक दाबला. आवाज आला नाही.

"बघा काकू, झाली की नाही गप्प," तो म्हणाला. चाक थांबतं का, ते त्याने पाहिलंच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सायकल लेकीने काढली. तिने पहिल्यांदाच एकटीने रंगवलेली पाटी पोचवायची होती. किल्ल्या बनवणाऱ्याच्या दुकानाची पाटी ती, 'येथे कुलपे उघडून मिळतील'. चार दिवस खपली होती पोर. पाटी पाठीला घट्ट बांधून, वाकून, ती उताराला लागली. उताराच्या तळाशी चौक होता आणि चौकातून मालट्रक जात होते.

अर्ध्या उतारावर तिने ब्रेक दाबला. मी चाकाला भिडलो आणि घसरलो. मध्ये तेलाचा थर आला की रबर आणि लोखंड एकमेकांना नीट टेकतच नाहीत, मग पकडणार काय? तिने पुन्हा दाबला, दोन्ही हातांनी. वेग वाढतच होता. ज्या एकाच कामासाठी मी जन्मलो, ते मला येत नव्हतं. मित्रांनो, मी फार घाबरलो होतो.

पोरही घाबरली. पण एकाएकी ती ताठ बसली. पाठीवर झोपलेली पाटी उभी राहिली आणि तिची अख्खी रुंदी वाऱ्याला भिडली. हवेने तिला मागे रेटलं. वाढणारा वेग अडला, मग किंचित उतरला. तिने बुटांचे तळवे रस्त्यावर घासले. तेही घर्षणच, बरं का. चौकाच्या अलीकडे बांधकामाच्या वाळूचा ढीग होता. तिने सायकल त्यात घातली, चाकं रुतली आणि आम्ही सगळे आडवे झालो. समोरून ट्रक धडधडत निघून गेला. तिचं ढोपर सोललं होतं आणि पाटीवरचं 'कुलपे' खरवडून निघालं होतं. ती वाळूत बसून रडली.

सायकल हाताने ढकलत ती घरी आली. बापाने सगळं ऐकून घेतलं.

"पण तेल तर कालच घातलं होतं गं."

"म्हणूनच तर, बाबा."

त्याने चाकाच्या कडेवरून बोट फिरवलं आणि त्या तेलकट बोटाकडे बघत बसला. मग साबणाच्या पाण्याने त्यानेच चाकं धुतली, कोरडी केली आणि चारही रबर नवे बसवले. आम्हाला तो कचऱ्यात टाकणार होता. लेकीने मला आणि भावाला काढून घेतलं, धुतलं, सँडपेपरने घासलं आणि बापाच्या शिडीच्या दोन पायांखाली ठोकून बसवलं. ती शिडी गुळगुळीत फरशीवर नेहमी सरकायची.

मित्रांनो, एवढंच ऐका माझं. जे फिरायचं आहे त्याला तेल द्या, जे धरून ठेवायचं आहे ते कोरडं ठेवा. आणि एखादी वस्तू किंचाळली तर तिचं तोंड बंद करण्याआधी तिला काय झालंय ते बघा.

किल्लीवाल्याने घाईघाईत पाटी तशीच टांगून घेतली होती, म्हणून परवा त्याच्या दुकानात तिच्यावरचं 'कुलपे' पुन्हा रंगवायचं होतं. पाटी उंच टांगलेली, खाली गुळगुळीत फरशी. लेक ब्रश घेऊन शिडीशी आली. बापाने तिला हाताने अडवलं, गुडघ्यावर बसला आणि आधी माझ्यावरून, मग भावावरून बोट फिरवलं. ते बोट त्याने उजेडात धरून नीट पाहिलं.

"कोरडे आहेत," तो म्हणाला. "चढ आता."