'नेहमीचंच' म्हणणाऱ्या माणसाचा डबा

मी स्टीलचा एक जुना, पोचे पडलेला जेवणाचा डबा आहे. मित्रांनो, बुद्धभूषणला अंबडच्या कारखान्यात नोकरी लागली, तेव्हा त्याच्या आईने, मालनबाईंनी, मला नाशिकच्या भांडीबाजारातून आणलं. तेव्हा मी कसा लखलखत होतो! रोज त्याची बायको पायल माझ्यात बाजरीची भाकरी, भाजी आणि चिमूटभर ठेचा भरून देई. दुपारच्या सुट्टीत कामगार म्हणत, "वहिनींच्या हाताला चव आहे हां!" मला फार बरं वाटे.

पुढे बुद्धभूषणला साखरेचा आजार जडला. डॉक्टर मॅडमनी रोज सकाळी घ्यायची गोळी दिली. मग एकदा त्याने मोबाइलवर ऐकलं, भाकरी, पोळी, भात सोडला की साखर उतरते. लगेच माझ्यात उकडलेली अंडी, पनीर आणि काकडी आली. भाकरीचा कप्पा रिकामाच राहू लागला. त्याचं वजन उतरलं, लोक कौतुक करू लागले. गोळी मात्र होती तेवढीच चालू होती. तपासणीच्या वेळी मॅडमनी विचारलं, "जेवण कसं आहे?" तो म्हणाला, "नेहमीचंच."

घरी पायल चिडली. "खरं का नाही सांगितलं?"

"मोबाइलचं ऐकलं म्हटलं, तर झापतील ना!"

गेल्या महिन्यात तो प्रेस मशीनवर होता. मी शेजारच्या खुंटीवर पिशवीत होतो. अचानक त्याला दरदरून घाम फुटला. नजर कुठेतरी हरवली. हात साच्याखाली तसाच राहिला आणि पाय पेडलकडे सरकला.

"भूषण, हात काढ!" शेजारच्या मशीनवरचा बद्रुद्दीन ओरडला आणि त्याने धावत येऊन बटण बंद केलं. प्रेस तिथल्या तिथे थांबला. बद्रुद्दीनने त्याच्या तोंडात साखर घातली, मला खांद्याला अडकवलं आणि दोघं रिक्षाने दवाखान्यात पोहोचले.

मॅडमनी बोटाचं रक्त तपासलं. "साखर अजूनही कमी आहे. रोजचं जेवण बदललंय का?"

"नाही मॅडम. नेहमीचंच."

मॅडमच्या कपाळाला आठी पडली. "जेवण तेच, गोळी तीच, मग हे झालं कशाने? किडनी बिघडली असेल तर? भरती व्हावं लागेल. सगळ्या तपासण्या करू."

बद्रुद्दीन रोज त्याच्याबरोबर जेवायचा. त्याने नुसतं भूषणकडे पाहिलं. शेवटी भूषण म्हणाला, "बद्रू, डबा दे." त्याने मला मॅडमसमोर उघडलं. "भाकरी, भात सगळं बंद केलंय मॅडम. दोन महिने झाले."

"आणि गोळी तेवढीच? मग साखर खाली जाणारच!" मॅडम खुर्चीत मागे टेकल्या. "अहो, सांगितलं असतं तर गोळी तेव्हाच कमी केली असती!"

"तुम्ही रागवाल असं वाटलं."

"रागावलेच असते. पण औषध तरी चुकलं नसतं."

भरती काही टळली नाही. एक दिवस त्याला नजरेखाली ठेवलं. मॅडमनी गोळी बदलली, घरी साखर तपासायला शिकवलं आणि जेवणात काय ठेवायचं ते पायलला समोर बसवून ठरवलं.

परवा तो पुन्हा तपासणीला गेला. विचारायच्या आतच त्याने सकाळच्या चहापासून सगळं सांगितलं. बद्रुद्दीनच्या पुतणीच्या लग्नात खाल्लेली जिलेबीसुद्धा! मॅडम खरंच रागावल्या. तो खाली मान घालून ऐकत होता, पण बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा मोकळा होता.

मित्रांनो, तुमच्या घरचं कुणी डॉक्टरांपुढे 'नेहमीचंच' म्हणालं, तर त्यांचा हात धरा आणि खरं सांगायला लावा. डॉक्टर रागावले तर रागावू द्या.