हेतुपुरस्सर थरथर

सरांची पद्धत अशी होती की विद्यार्थ्यांची गाणी आवाज बंद करून बघायची. चाल गोड असली की डोळा लाच खातो, असं त्यांचं म्हणणं. सिनेमा शिकवणाऱ्या त्या संस्थेत दरवर्षी शेवटच्या वर्गातली मुलं पदरमोड करून एकेक म्युझिक व्हिडिओ बनवत आणि सर ते मुक्यानेच, अडवून अडवून, मागेपुढे करून वर्गाला उलगडून दाखवत. सरांनी स्वतः एकदा सिनेमा केला होता. तो लोकांनी आवाज चालू असतानाही पाहिला नव्हता. आता इतक्या वर्षांनी एका नावाजलेल्या गायिकेचा व्हिडिओ त्यांच्याकडे चालून आला होता आणि डोक्यात काही म्हणजे काही नव्हतं. म्हणून यंदा सर मुलांची कामं जरा जास्तच आपुलकीने बघत होते. या धंद्यात त्याला प्रेरणा म्हणतात.

बारकीचं गाणं लागलं तेव्हा सर खुर्चीत पुढे सरकले. बारकी वर्गात सगळ्यांत बुटकी, म्हणून बारकी. तिचा जोडीदार लांबू, त्याचं कारण सांगायला नको. दोघांनी एका बंद सूतगिरणीच्या वरच्या मजल्यावर शूटिंग उरकलं होतं. भाडं नव्हतं, पण वॉचमनची अट होती की त्याची नवी मोटारसायकल गाण्यात दिसली पाहिजे. ती दिसत होती, मधोमध, विनाकारण. कॅमेऱ्याला ट्रॉली म्हणून चाकांची खुर्ची, उजेडाला थर्माकोलचा तुकडा. लांबू पार टोकापासून गात गात चालत येतो आणि तो जवळ येऊ लागतो तशी पडद्यावरची सगळी चौकट बारीक थरथरायला लागते. फळ्यांच्या फटींतून धूळ उठते आणि उन्हाच्या तिरिपीत तरंगत राहते.

मोटारसायकल म्हणजे थांबलेल्या काळाची खूण आहे, असं सरांनी सांगितलं. वर्गाने लिहून घेतलं. मग ते थरथरीकडे वळले.

"हात हलला तर चौकट डोलते," ते म्हणाले. "ही डोलत नाही. ही खालून येते, जमिनीतून. पात्राची भीती कॅमेऱ्याच्या पायांत उतरवली आहे."

बारकीने हात वर केला. "सर, ते खरं तर आम्ही..."

"करणाऱ्याने बोलायचं नाही. तुला काय करायचं होतं हा प्रश्नच नाही. काय झालंय ते मी सांगतो."

काय झालं होतं ते त्या दोघांनाच माहीत होतं. फळ्या हलल्या होत्या. लांबूच्या पायांना ते कळलं होतं, पण टेक झकास चालला होता म्हणून तो तसाच गात आला, आणि शेवटची ओळ संपल्यावर दोघं खुर्ची तिथेच टाकून जिन्यावरून धूम पळाले होते. खाली अंगणात येऊन पोट दुखेपर्यंत हसले होते.

वर्गात मात्र बारकीला हसू आलं नाही. तिची अशी तारीफ आजवर कुणी केली नव्हती. आठवड्याभरात तिने 'हेतुपुरस्सर थरथर' नावाचा निबंध लिहिला आणि सरांनी तो फलकावर लावला.

"तुला लाज वाटत नाही का गं?" लांबूने विचारलं.

"वाटते की. पण बरंही वाटतं."

मग सरांनी जाहीर केलं की गायिकेचा व्हिडिओ त्याच गिरणीत, त्याच मजल्यावर होणार. एकट्या माणसाऐवजी चाळीस नर्तक. बारकी त्यांची सहायक. बारकी ज्या मावशीकडे राहायची, तिने ही बातमी अख्ख्या इमारतीत पोचवली आणि बातमीच्या बदल्यात एक काम सांगितलं: आमच्या धाकटीला घे की कुठेतरी मागच्या रांगेत. धाकटीला घेतलं. ती स्वयंपाकघरात सराव करायची तेव्हा मांडणीवरची भांडी किणकिणायची, आणि बारकी घास ताटात ठेवून ऐकत राहायची.

लांबूने शूटिंगला यायला सरळ नकार दिला. आपण दोघं होतो तेव्हा ही गत, आता चाळीस जण नाचणार, सरांना सांग, असं तो रोज म्हणायचा. बारकी म्हणायची, निर्मात्यांच्या मॅनेजरने जागा तपासली आहे. तपासली होती हे खरं. त्याने मजल्याच्या मधोमध उभं राहून बुटाची टाच दोनदा आपटली होती आणि "दगड आहे दगड" म्हणून तो जेवायला गेला होता.

शेवटी बारकी सरांच्या खोलीत गेलीच. तिने तोंड उघडायच्या आत सरांनी पडद्यावरची नामावली दाखवली. दुसऱ्याच ओळीत लिहिलं होतं, मूळ दृश्यकल्पना, आणि पुढे तिचं नाव. बारकी "थँक्यू सर" म्हणाली आणि मूग गिळून परत आली.

शूटिंगच्या सकाळी मजला झाडून-पुसून लख्ख केला होता. पुसल्यावर फळ्या नव्यासारख्या दिसत होत्या, आणि त्याचीच बारकीला भीती वाटली. मॉनिटर खाली अंगणात, छत्रीखाली. वर कॅमेरा तिवईवर, आणि ताल मोजायला बारकी. पहिला टेक झाला. चाळीस जण नाचले, आणि चौकट जराही हलली नाही.

सरांचा चेहरा उतरला. दुसरा टेक. तिसरा. नृत्यदिग्दर्शिकेला त्यांनी पाय जोरात आपटायला सांगितले, मग आणखी जोरात. मागच्या रांगेत धाकटी घामाघूम झाली होती, पण बारकीकडे बघून हसत होती. फळ्यांखालून एक आवाज येत होता, कुणीतरी सुपारी कातरत बसल्यासारखा. गाण्याचा स्पीकर लागला की तो ऐकू येत नसे.

"तुम्ही कशी मिळवलीत ती थरथर?" सर वर येऊन अगदी काकुळतीने म्हणाले. "बारके, तू सांग. काय केलं होतंत?"

बारकीच्या हातात ताल मोजून द्यायचा माइक होता आणि तो चालू होता.

"मिळवली नव्हती, सर. मजला पडायला आला होता. आम्ही पळालो."

सगळ्या मजल्याने ते ऐकलं. कुणी किंचाळलं नाही, कुणी धावलं नाही. नृत्यदिग्दर्शिकेने फक्त, चहाची सुट्टी, असं सांगितलं, आणि चाळीस जण चवड्यांवर, झोपलेल्या बाळाच्या खोलीतून निघावं तसे जिन्याकडे गेले. बारकीने धाकटीचं मनगट पकडलं ते अंगणात पोचेपर्यंत सोडलं नाही. कॅमेरामनला खाली राहिलेल्या बॅटरीची आठवण झाली.

सर तेवढे वर राहिले. ते रागावले नव्हते. उलट त्यांचे डोळे चमकत होते. आपण म्हणालो तेच निघालं, खरी भीती, जमिनीतून येणारी, असं बारकी निघताना ते तिला म्हणाले होते. थरथर खोटी आणता येणारच नाही. माणसं नकोतच. रिकामा मजला घेऊ.

अंगणात सगळे मॉनिटरभोवती जमले. पडद्यावर रिकाम्या फळ्या, तिरपं ऊन. गाणं बंद. मावशी सकाळीच येऊन बसली होती. तिने धाकटीला छातीशी धरलं होतं आणि ती बारकीकडे बघत होती.

मग चौकट थरथरली. अगदी बारीक, सुबक. फटींतून धूळ उठली.

"मिळाली," वॉकीटॉकीवर सरांचा आवाज आला. "बघतेस ना? मिळाली."

"सर, खाली या," बारकी म्हणाली.

"शू. चालू आहे."

कोणत्याही युनिटमध्ये कट म्हणायचा हक्क एकट्या दिग्दर्शकाचा असतो. दुसऱ्या कुणी म्हटलं तर त्याला पुन्हा काम मिळत नाही, हे सरांनीच शिकवलं होतं. बारकीने वॉकीटॉकी पुन्हा तोंडाशी धरली.

"कट," ती म्हणाली. आणि पुन्हा, "सर, कट."

पडद्यावरची चौकट हलतच राहिली.