कोणाच्याच कानात न गेलेली तार

मित्रांनो, मी एक जुनी तार आहे. शिवणाच्या दोऱ्याहून थोडी जाड, रबरासारखी मऊ, अंगावर धातूचे बारीक ठिपके. ज्यांना ऐकू येत नाही, त्यांच्या कानात अगदी आत माझ्यासारखी तार बसवतात; ती आवाज थेट ऐकण्याच्या नसेपर्यंत पोहोचवते. माझ्या अंगावर मात्र औषधाचा लेप आहे. तो हळूहळू झिरपतो आणि ऐकण्याच्या नाजूक पेशी जगवतो. निदान ठरले तरी तसे होते.

माझ्या आधीच्या दहा तारांनी सगळे औषध तीन दिवसांत ओकून टाकले. मी ते नव्वद दिवस पुरवले. प्रयोगशाळेतल्या संशोधक बाईंनी मला कानातल्या द्रवासारख्या कोमट खाऱ्या पाण्याच्या बाटलीत ठेवले होते; रोज सकाळी त्या ते पाणी काढून त्यात उतरलेले औषध मोजायच्या. शेवटच्या दिवशी प्रयोगशाळेच्या साहेबांनी त्यांची पाठ थोपटली, माझा फोटो भिंतीवर लागला. मला आकाश ठेंगणे झाले.

त्याच सुमारास बाईंच्या आईला ऐकू येईनासे होत होते. डॉक्टर साधी, बिनलेपाची तार लगेच बसवायला तयार होते. बाई आईला इथे घेऊन आल्या आणि मोठ्याने म्हणाल्या, "घाई नको, आई. एकदाच बसवायची, तर आमची लेपवालीच बसवू."

"बरं बाई, तू शिकलेली," आई म्हणाली.

मग पुन्हा चाचण्या, परवानग्या, आणखी चाचण्या. वर्षभर म्हणता म्हणता सहा वर्षे गेली. मी कपाटात धूळ खात पडले.

मागच्या आठवड्यात आई पुन्हा आली. आता बाई तिच्याशी कागदावर लिहून बोलतात. त्यांनी लिहिले, 'डॉक्टर म्हणतात, फार उशीर झाला. आता कुठलीही तार बसवली तरी नुसता आवाज येईल, शब्द कळणार नाहीत.' ज्या पेशी जगवायला मला घडवले, त्या माझीच वाट बघत मेल्या होत्या.

आईने माझी बाटली उजेडात धरली. "हीच का गं ती?"

बाईंनी होकारार्थी मान हलवली.

"छान आहे," आई म्हणाली.

बाई खिडकीकडे तोंड करून म्हणाल्या, "माझं चुकलं, आई." आईला ते ऐकू आले नाही. मला आले.

मित्रांनो, माझ्यासारखीची वाट बघत बसू नका. तुमच्या घरात कोणी "काय म्हणालास?" असे पुन्हा पुन्हा विचारत असेल, तर आज जे मिळते ते आजच आणा. आणि चुकलात, तर समोर बसून सांगा, नाहीतर लिहून द्या. बाईंच्या टेबलावर कोऱ्या कागदांचा गठ्ठा आहे. ते एक वाक्य त्यांनी अजून लिहिलेले नाही.