माझ्याकडून वदवून घेतलेली शांतता

मी आवाज मोजणारी कांडी. माझं काम ऐकायचं, बोलायचं नाही. पण माझ्या नावावर जे खपवलं गेलं त्यानं अंगाचा असा तिळपापड झालाय की आज मी बोलणारच.

दिसायला मी साधी. हातभर लांब, पोटावर आकड्यांची काच, आणि वाऱ्याची फडफड आत शिरू नये म्हणून डोक्यावर काळ्या स्पंजचा गोंडा. कारखान्यात मला बंद खोलीत ठेवून एकच सूर पुन्हा पुन्हा ऐकवला. जेवढं ऐकशील तेवढंच सांगायचं, हे तिथंच अंगात भिनलं. मग एका साहेबांनी मला घेतलं. कुठं काही नवं बांधायचं असलं की त्याचा आवाज लोकांना किती जाचेल, ते मोजून अहवाल द्यायचा, हा त्यांचा धंदा. माणूस वाईट नव्हता. घाईत होता, बस.

त्या माळावर ऑफ-रोड पार्क व्हायचा होता. म्हणजे मुद्दाम खड्डे खणायचे, चढ रचायचे, चिखल करायचा आणि त्यातून जीपगाड्या, मोटारसायकली उडवायच्या. चांगले रस्ते असताना माणसाला हे का सुचावं, ते मला विचारू नका.

कुंपणाला लागून एक घर होतं. नवरा गेल्यापासून त्यात वहिनी आणि तिचे भाऊजी, अशी दोघंच. भाऊजींना जन्मापासून दिसत नाही, पण बाप्या कानांनी चालायचा. घर आणि कोंबड्यांचं खुराडं यांच्यामध्ये मोकळं रान. जाताना कोंबड्यांच्या कलकलाटाकडे जायचं, येताना दारातल्या नळाच्या टपटपीकडे. वहिनी तो नळ मुद्दाम सैल ठेवायची, खाली पत्र्याचा डबा.

"भाऊजी, पाण्याचं बिल तुमच्या नावावर लावते हं."

"लाव की. आणि अंडी कोण आणतं तेही लिही खाली."

कुणाचा हात न धरता ते जात-येत. तेवढीच त्यांची मिजास, आणि ती त्यांना शोभायची.

आता नियम ऐका. पार्क होण्याआधी त्या जागेची शांतता मोजायची. मग गाड्या आल्या की पुन्हा मोजायचं. मधे भर किती पडली ते बघायचं. भर थोडी असली तर परवानगी. सरळ आहे ना? पण साहेब पोचले तेव्हा मालकानं बुलडोझर लावून टाकले होते.

"जरा थांबवता येतील का?" साहेबांनी विचारलं.

"भाड्याची मशिनं आहेत, साहेब. उभी ठेवून त्यांची पूजा करू?"

"बरं, राहू द्या. आपल्याला आहे ती परिस्थिती मोजायचीय."

वहिनी दारातून ओरडून सांगत होती, "अहो, हे रोजचं नाही. मशिनं गेल्यावर या."

"येऊ, येऊ," साहेब म्हणाले आणि मला तिपाईवर चढवलं. मी काय करणार? बुलडोझरची घरघर ऐकली, तिचाच आकडा दाखवला. अहवालात तो 'आधीची शांतता' म्हणून बसला. त्या क्षणी माझ्या तोंडाला काळं फासलं गेलं.

पुढं गाड्यांची चाचणी ठरली. मला कुंपणाजवळ उभं केलं होतं. भाऊजी टोपली घेऊन खुराड्यातून निघाले आणि नेमक्या गाड्या सुटल्या. नळ बुडाला, कोंबड्या बुडाल्या. ते थांबले, मान इकडं-तिकडं फिरवली आणि चालायला लागले ते उलट्या दिशेनं. कुंपणाच्या तारेत हात गेला, टोपली पडली. माझ्यापासून चार पावलांवर त्यांनी हाक मारली, "वहिनी... ए वहिनी."

माझा आकडा हलला नाही.

माणूस जिवाच्या आकांतानं ओरडतोय, आणि माझ्या काचेवर त्याचा पत्ता नाही. एवढी दाटी केली होती त्या गाड्यांनी. साहेब शेजारीच होते, पण कानात बोळे आणि डोळे माझ्या काचेवर. शेवटी वहिनीलाच खिडकीतून दिसलं. ती धावत आली, पदर फाडून हात बांधला, मग साहेबांपुढं उभी राहिली.

"बाई, भर नावापुरती आहे," साहेब बोळे काढत म्हणाले. "मशीन खोटं बोलत नाही."

"मशीन नाहीच बोलत. तुम्ही बोलता. बुलडोझर चालू असताना मोजलंत आणि त्याला शांतता म्हणता?"

"ते आता अहवालात गेलंय हो."

गेलंय म्हणे. जसं काही आपल्या पायानं चालत गेलं. परवानगी मिळाली.

वर्षानं फेरतपासणीला मला पुन्हा तिथं नेलं. वहिनीनं दारापासून खुराड्यापर्यंत दोरी बांधली होती, धरून चालायला. दोरीवर कपडे वाळत होते.

"मी काय बकरी आहे का गं?" एवढंच म्हणाले होते म्हणे भाऊजी, आणि ती दोरी कधी धरली नाही. आता ते पायरीवर बसून असतात. अंडी वहिनी आणते, त्यांच्या मांडीवर ठेवते, आणि ते ती मोजल्यासारखं करतात. भाऊजी आता थट्टा करत नाहीत. केली तरी कुणाला ऐकू जाणार?

मी कपाटात आहे. उद्या साहेब मला आणखी कुणाच्या तरी दारात नेतील. कदाचित तुमच्या. तेव्हा माझ्या आकड्याला नमस्कार करू नका, बरं का. माझ्यापुढं येऊन उभे राहा आणि साहेबांना विचारा, आत्ता इथं काय काय चालू आहे? ते सगळं बंद करायला लावा. साहेब म्हणतील, उशीर होतोय. होऊ द्या. बंद होईपर्यंत मला तिपाईवर चढवू देऊ नका.