हिरवी कड

"पोरी, जुना रंग कोरडा घासू नकोस. त्यात शिसं असतं," रंगारीकाकांनी दुकानाच्या दारात तिला दोनदा बजावलं होतं. दोन्ही वेळा ती हसली होती.

"काका, तुम्ही तीस वर्षं घासताय, ठणठणीत आहात की!"

"मी लाकूड चाटत नाही, बाई," काका म्हणाले होते.

खरं तर ती भित्रीच. चमचे उकळून घेणारी, लेक शिंकली तरी थर्मामीटर शोधणारी. पण कामाच्या नादात काकांचं बोलणं तिने कानाआड केलं. जुन्या बाजारातून फर्निचर आणून ती त्याला पुरातन रूप द्यायची. वरचा रंग सहज सुटावा म्हणून कडांवर मेणबत्ती चोळायची, वर मलईरंगाचे दोन हात, आणि वाळल्यावर पॉलिशपेपर. वर्षानुवर्षं जिथे माणसाचा हात पडला असता, तिथेच रंग उडवायचा, ही त्यातली खुबी. नवरा चिडवायचा, "लोक म्हातारपण लपवायला रंग लावतात. तू लाकडाला म्हातारं करायला लावतेस!"

बाळाच्या एका छोट्या, कठड्याच्या खाटेवर तर तिचा जीव जडला होता. खालचा मूळ रंग गर्द हिरवा. कठड्याच्या वरच्या कडेवर तिने तो मुद्दाम जास्त उघडा केला.

खाट नेली ती दिवस भरत आलेल्या, गालावर खळी पडणाऱ्या एका मुलीने. कडेवरून बोट फिरवत ती म्हणाली, "ताई, किती गोड! जणू कितीतरी बाळं इथे वाढलीत." पुढे एकच फोटो आला. चार दिवसांचं बाळ, त्याच खाटेत, मुठी आवळून झोपलेलं.

आठ महिने झाले त्याला.

परवा लेकीच्या तपासणीत डॉक्टरीणबाईंनी सहज विचारलं, "घरात जुना रंग घासता का?" तिने हो म्हटलं. गॅलरीत घासायची, आणि त्याच धुळीच्या कपड्यांनी रांगणाऱ्या लेकीला उचलून घ्यायची! रक्ताचा अहवाल आला. शिसं निघालंच.

"वेळेत कळलं. आता घरात ती धूळ नको," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तीन महिन्यांनी पुन्हा बघू."

घरी येऊन तिने त्या खाटेचा जादा म्हणून उरलेला लाकडी गज अडगळीतून काढला. शिसं तपासायची काडी आणली होती, ती गजाच्या हिरव्या रंगावर टेकवली. काडी लालभडक झाली, म्हणजे त्यातही शिसं. आठ महिन्यांचं पोर करतं काय? कठडा धरून उभं राहतं. दात शिवशिवतात, म्हणून समोरची कड चावतं. नेमकी तीच कड.

फोन लावला, नंबर बंद. पत्त्यावर धावत गेली, तर दाराला कुलूप.

"बदली झाली त्यांची," शेजारीण म्हणाली. "कुठे, ते नाही बाई ठाऊक. पण खाट किती जपून नेली! गोधडीत गुंडाळून."

नवऱ्याने समजूत घातली, "नसेल काही झालं गं."

"आपल्या पोरीला नुसत्या धुळीने झालं! ते तर दातांनी खात असेल," ती म्हणाली.

तेव्हापासून ती भेटेल त्याला विचारते आहे. तुम्हालाही विचारते आहे:

"तुमच्या जिन्यात, गल्लीत कुणी नवं कुटुंब राहायला आलंय का? खळी पडणारी आई, आठ-नऊ महिन्यांचं बाळ, मलईरंगाची खाट, कडा हिरव्या. असतील तर आजच जा. आधी बाळाला खाटेतून उचला, मग रक्त तपासायला घेऊन जायला सांगा. तिला बोल लावू नका, ती कड मी घासली आहे. फक्त एकदा डोकावून या. बाळ कसं आहे, तेवढं बघा."